सिस्टरची नेहमीची

आमच्या गल्लीत देवाला उशीर झालेला चालायचा, दूधवाल्याला झालेला चालत नसे. सगळ्यांच्या दारात नाही म्हणत मी, सिस्टरांच्या दारात. सहा वाजून दहा मिनिटांनी दूध आलं पाहिजे. सहा-बारा झाले की सिस्टर पायरीवर उभ्या. पदराला, छातीपाशी, नर्सांचं ते उलटं टांगलेलं घड्याळ असायचं. ते दोन बोटांत उचलून त्या दूधवाल्याच्या नाकासमोर धरायच्या.

"ये क्या है?"

"घड़ी ए, दीदी."

"कितने बजे हैं?"

"हव दीदी, काली जल्दी आहूं."

उद्या लवकर येईन, हे तो रोज म्हणायचा. वीस वर्षं मी हे भिंतीपलीकडून ऐकलं. माझ्या घरी दूध किती वाजता येतं ते मला आजही सांगता यायचं नाही, पण सिस्टरांच्या घरी किती वाजता येत नव्हतं ते झोपेतून उठवलं तरी सांगेन.

सिस्टर म्हणजे दयाबाई साबळे. रायपुरात, तात्यापाऱ्यात आमच्या घराच्या भिंतीला भिंत लागून राहायच्या. मूळच्या अमरावतीकडच्या, ख्रिस्ती. उभी नोकरी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढली, त्यामुळे 'दयाबाई' हे नाव फक्त रेशनकार्डावर उरलं होतं. सगळा पारा, म्हणजे मोहल्ला, त्यांना सिस्टर म्हणे. त्यांचे यजमान सामुएलभाऊ, तेसुद्धा सिस्टरच म्हणत. "सिस्टर, माझा चष्मा कुठं ठेवला व?" असं नवरा बायकोला ओरडतोय हे ऐकून आमच्याकडे आलेले पाहुणे चमकायचे. मग मला समजावून सांगावं लागायचं.

रिटायर झाल्यावरही गल्लीतली सगळी इंजेक्शनं त्यांच्याच हातची. सुई टोचायच्या आधीच त्या "झालं" म्हणायच्या. लेकरू रडायचं विसरून जायचं, म्हणायचं, झालं? आणि तोवर खरंच झालेलं असायचं. मी एकदा म्हटलं, "सिस्टर, हे खोटं बोलणं नाही का जी?" तर म्हणाल्या, "खोटं कसं? होणारच आहे ते. मी जरा आधी सांगते."

खोट्यावरून आठवलं. मला ऊठसूट शपथ घ्यायची सवय. देवाशप्पथ, गळ्याशप्पथ, पोराशप्पथ. भाजीवाल्याशी बोलतानाही माझी शपथ निघायची. सिस्टरांना ते अजिबात खपत नसे. "कुसुम, हो असेल तर हो म्हण. एवढ्याशा गोष्टीत देवाले काहून ओढतेस? तू शपथ घेतली की मले समजते, काहीतरी लपवून राहिली." आणि खरं सांगते, निम्म्या वेळा त्यांचं बरोबर निघायचं.

घाई तर अशी की विचारू नका. माझ्या पोरीच्या लग्नात मुहूर्त होता अकरा सत्तेचाळीसचा. वरात दुर्गहून आलेली, मंडपाच्या दाराशी बँड लावून नाच सुरू. साडेअकरा झाले, अकरा चाळीस झाले. आमचे गुरुजी पान खात स्वस्थ बसलेले. आमचे हे व्याह्यांना हात जोडत फिरत होते. सगळ्या मंडपात एकच बाई कासावीस, सिस्टर! त्या सरळ गेल्या आणि नवरदेवाच्या घोडीचा लगाम धरला.

"बंद करा हे! पाच मिनटं राहिले. नाच मग करजा."

बँड थांबला. नवरदेव घोडीवरून कसा उतरला, त्यालाच कळलं नसेल. अकरा सत्तेचाळीसला अक्षता पडल्या. मी नंतर चिडवलं, "सिस्टर, तुम्ही तर मुहूर्त मानत नाही ना?" तर म्हणाल्या, "मी मानत नाही. तुम्ही मानता ना? मग वेळेवर माना!" गुरुजी निघताना मला हळूच म्हणाले, "ह्या बाई आमच्यात पाहिजे होत्या."

अशा बाईच्या वाट्याला वाट पाहणं यावं, याला काय म्हणावं!

सामुएलभाऊ रेल्वेत गार्ड होते. शिट्टी सरकारने दिली होती, पण लागत नसावी असा गळा. चर्चमध्ये रविवारी मराठी उपासनेत भजनाला टाळ धरून उभे राहिले की चौकातल्या पानवाल्याला कळायचं, आज रविवार. चहाचे भारी शौकीन, कपात तीन चमचे साखर. साखर कमी पडली की अंगणातून आरोळी यायची, "फिक्का!" तो 'क' असा आपटायचे की माझ्या ओट्यावरची भांडी हलायची. सिस्टर आतून म्हणायच्या, "हळू! माणसं राहतात आजूबाजूला."

राज्य नवं झालं, आपलं रायपूर राजधानी झालं, फटाके उडाले, रातोरात पाट्या बदलल्या. त्याच हिवाळ्यात एका सकाळी सामुएलभाऊ मोरीपाशी पडले. अर्धांगवायू. उजवं अंग गेलं आणि वाचा संपूर्ण गेली. वर साखरेचा आजार निघाला. डॉक्टर म्हणाले, बोलतील कदाचित, सांगता येत नाही. कधी? तेही सांगता येत नाही.

सिस्टरांनी पलंग खिडकीशी ओढला आणि घड्याळ हातात घेतलं. दर दोन तासांनी कूस बदलायची. सहा, आठ, दहा, बारा. भिंतीपलीकडून मला रोज ऐकू यायचं, "चला साबळे, डावीकडे. झालं." पुढे अकरा वर्षं ते अंथरुणावर होते आणि पाठीवर एक बेडसोर नाही. याचा सिस्टरांना इतका गर्व, की कोणी भेटायला आलं की विचारपूस व्हायच्या आधी भाऊंना कुशीवर वळवून पाठ दाखवायच्या. भाऊ बिचारे भिंतीकडे तोंड करून पडलेले. "पाहा. आहे कुठं एक डाग?" पाहुण्याने नाही म्हटल्याशिवाय पाणी मिळत नसे.

आणि दर रविवारी चर्चमध्ये चिठ्ठी. त्यांच्याकडे पद्धत असते. ज्याला जे मागायचं असेल त्याने ते कागदावर लिहून दाराजवळच्या पेटीत टाकायचं. पाळकसाहेब ते वाचून दाखवतात आणि सगळी मंडळी मिळून प्रार्थना करतात. सिस्टरांची चिठ्ठी ठरलेली, 'सामुएल साबळे यांची वाचा परत यावी.' पहिलं वर्ष पाळकसाहेबांनी ती भरल्या गळ्याने वाचली. दुसऱ्या वर्षी साध्या गळ्याने. चौथ्या वर्षी एका रविवारी बाकीच्या चिठ्ठ्या वाचून झाल्यावर ते म्हणाले, "आणि सिस्टरची नेहमीची."

सिस्टर जागेवरून उठल्या. "नेहमीची काय, साहेब? नाव घ्या पुरं. वर फाइलींचा ढीग असेल, कोणाची ते समजलं पाहिजे."

हे मला त्यांच्या मुलीने, ग्रेसने सांगितलं. ती बोलायची हिंदीत, "काकी, मम्मी ने चर्च में सबके सामने बोल दिया!" पण नाव पडलं ते पडलंच. सगळी मंडळी म्हणू लागली, सिस्टरची नेहमीची.

आता माझी चूक सांगते.

सहाव्या वर्षी सिस्टरांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी, लिहायला मनाई. ग्रेसला मराठी समजायचं, लिहिता यायचं नाही. शनिवारी संध्याकाळी मला हाक आली, "कुसुम, चिठ्ठी लिहून दे. तुले माहीत आहे काय लिहायचं."

मी कागद घेऊन बसले. आणि मला वाटलं, सहा वर्षं झाली, ही बाई नुसतं मागून राहिली. कधीपर्यंत पाहिजे ते नाही सांगत, त्या बदल्यात काय देऊ तेही नाही. असं कुठं असते काय? आमच्याकडे देवीला सांगायचं कसं, तर नीट सांगायचं. अमुक दिवसांत अमुक कर, मी तमुक करीन. मी छान अक्षरात लिहिलं, 'सामुएल साबळे यांची वाचा येत्या नाताळाच्या आत परत आल्यास सव्वा किलो पेढे वाटू.' घडी करून दिली. सिस्टरांना पट्टीमुळे वाचता आलं नाही, त्यांनी ती तशीच पेटीत टाकली.

पाळकसाहेबांनी नेहमीची म्हणून न पाहताच मोठ्याने वाचायला घेतली. 'सव्वा किलो'पर्यंत आल्यावर त्यांना थांबता येईना. झुकलेल्या माना वर झाल्या. मागच्या बाकावर एक कमी ऐकू येणारे आजोबा होते, ते तेवढे मनापासून "आमेन" म्हणाले.

दुपारी सिस्टर हिरव्या पट्टीसकट माझ्या दारात.

"कुसुम! देवाले नवस बोलली तू? आमच्या चर्चमध्ये?"

"मग काय जी, सिस्टर! तुम्ही तारीखच देत नाही. तारीख नाही दिली तर तोही सरकारी हापिसासारखा बसून राहीन."

"तारीख देतेस त्याले!" त्या पायरीवरच बसल्या. "बत्तीस वर्षं वार्डात होते मी. डॉक्टर राउंडले आला की नवा पेशंट विचारते, कधी सोडता? जुना पेशंट विचारते का?"

"नाही विचारत?"

"नाही. तो म्हणते, डॉक्टर येऊन गेले ना, मग झालं. येऊन राहिला रोज तो, कुसुम. माझ्या घरी रोज राउंड होते. औषध त्याच्या हातात आहे, घड्याळही त्याच्याच हातात. माझ्या हातात हे," त्यांनी छातीवरचं घड्याळ उचललं, "हे दूधवाल्यासाठी आहे."

मी म्हटलं, चुकलं माझं, देवाशप्पथ. त्यावर अजून पाच मिनिटं बोलणी खाल्ली.

नाताळ आला. वाचा काही आली नाही. मी म्हटलं चला, निदान पेढ्यांचा प्रश्न मिटला. तर पंचवीस तारखेला सिस्टरांनी सव्वा किलो पेढे आणून सगळ्या मंडळीला वाटले, मग गल्लीत वाटले, दूधवाल्यालाही दिले. मी तोंड उघडून पाहत राहिले.

"आता काहून जी? काम तर झालं नाही."

"काम झालं म्हणून द्यायले तो काय सौदा होता? लोकांच्या तोंडाले पाणी तू सोडलं होतं. घे."

एकच माणूस राहिला, सामुएलभाऊ. साखर ना! ते पलंगावरून त्या डब्याकडे असे पाहत होते, की मला वाटलं आता बोलतात. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं त्यांच्या. वाचेसाठी की पेढ्यासाठी, देव जाणे.

अशी वर्षं गेली. नवव्या वर्षी, पावसाळ्याच्या शेवटी, सिस्टरांचं घड्याळ बंद पडलं. घरात जणू मयत झालं. सदर बाजारात एक म्हातारा घड्याळजी होता, त्याच्याशिवाय कोणाच्या हातात ते द्यायच्या नाहीत, आणि न्यायचंही स्वतःच. ग्रेस नोकरीवर. मला बसवलं भाऊंपाशी.

"दहाले कूस बदल. अकराले चहा दे, बशीत, हळूहळू. साखर नाही. एक दाणा नाही, समजलं?"

"हो जी."

दहाला कूस बदलली. अकराला चहा केला, बशीत ओतला, भाऊंच्या ओठाला लावला. त्यांनी एक घोट घेतला. माझ्याकडे पाहिलं. आणि म्हणाले,

"फिक्का."

आवाज बारीक, घोगरा, पण तोच. 'क' आपटलेला. माझ्या हातून बशी पडली, पलंगावर चहा, माझ्या पायावर चहा. "काय म्हणाले, भाऊ? काय म्हणाले? पुन्हा म्हणा!" ते भिंतीकडे पाहत होते, तक्रार नोंदवून झालेल्या माणसासारखे. पंधरा मिनिटं मी विनवण्या केल्या. मग मला काय सुचलं, मी दुसरा चहा केला आणि अर्धा चमचा साखर टाकली. म्हटलं गोड लागला की बोलतील. भाऊ बशीच्या बशी प्यायले, ओठ चाटले आणि डोळे मिटून घेतले. गोड चहा मिळाल्यावर माणूस बोलेल कशाला! एवढी अक्कल मला पाहिजे होती.

सिस्टर आल्या तेव्हा मी दारातच उभी होते. एका दमात सगळं सांगितलं, साखरेसकट.

"साखर दिली?" पहिला शब्द हा. "कुसुम, अर्धा चमचा? साखर दिली तू त्याईले?" त्या ओरडल्या आणि ओरडता ओरडता मधेच थांबल्या. स्टुलावर बसल्या. सुधरवून आणलेलं घड्याळ मुठीत होतं.

"खरं?"

माझ्या तोंडात शपथ आली होती. एक नाही, चार आल्या होत्या. मी गिळल्या.

"हो," मी म्हटलं.

"बोलले?"

"हो."

त्या माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. मग भाऊंकडे. भाऊ झोपले होते.

"नऊ वर्षं, कुसुम. दर दोन तासांनी मी या माणसाच्या कानापाशी होते. आज दोन तास गेली. त्याले बस तेच दोन तास सापडले?"

'त्याले' म्हणजे भाऊंना की वरच्याला, मी विचारलं नाही. सिस्टरांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं, तेव्हाही नाही पाहिलं. मी घरी निघून आले. बाराची कूस बदलल्याचा आवाज त्या दिवशी भिंतीपलीकडून आला, पण "झालं" आलं नाही.

आठ दिवस त्यांनी तोच चहा केला. तसाच, बिनसाखरेचा, अकरा वाजता. बशी ओठाला लावायच्या आणि कान जवळ न्यायच्या. भाऊ गुपचूप प्यायचे. एक दिवस मी खिडकीतून पाहिलं, त्या हळूच म्हणत होत्या, "फिका आहे ना हो, साबळे? अगदीच फिका आहे. म्हणा ना!" मी खिडकीपासून सरकले. आठ दिवस त्या माझ्याशीही धड बोलल्या नाहीत. मला वाटलं, गेलं. या बाईचा भरवसा मी त्या अर्ध्या चमच्यात बुडवला.

शनिवारी हाक आली. "कुसुम, उद्या चर्चमध्ये ये."

"मी काहून जी?"

"ये म्हटलं ना. साडेनवाले. नऊ एकतीसले नाही."

गेले. चपला बाहेर काढल्या, आत गेल्यावर पाहिलं तर सगळे चपला घालून. शेवटच्या बाकावर पदर घेऊन बसले. पाळकसाहेबांनी विचारलं, कोणाची साक्ष आहे का? म्हणजे देवाने काही केलं असेल तर उठून सांगायचं. सिस्टर उठल्या.

"माझे यजमान बोलले," त्या म्हणाल्या. मंडळीत हालचाल झाली. "एकच शब्द बोलले. मी ऐकला नाही. मी घरी नव्हते. माझ्या शेजारणीनं ऐकला. ती तिकडे मागं बसली आहे, अनवाणी. तिले खोटं बोलायचं असतं तर चार शपथा घेतल्या असत्या. तिनं नुसतं हो म्हटलं. म्हणून मी साक्ष देते."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी पाय बाकाखाली ओढून घेतले.

"मी रागावले होते," सिस्टर पुढे म्हणाल्या. "आठ दिवस. मागितलं मी, आणि दिलं दुसऱ्याच्या कानात. पण मागितलं काय होतं? वाचा यावी. मले ऐकू यावी असं चिठ्ठीत कधी लिहिलं नव्हतं. आली ना? मग धन्यवाद." आणि खाली बसल्या.

बाहेर पाळकसाहेब हसत म्हणाले, "आता नेहमीची बंद ना, सिस्टर?"

"काहून? एकच शब्द आला. बाकीचे बाकी आहेत."

बाकीचे आले नाहीत. दोन वर्षांनी, थंडीत, सकाळी आठची कूस बदलताना सामुएलभाऊ गेले. पाठ कोरी. अंघोळ घालायला आलेल्या लोकांनाही सिस्टरांनी ती दाखवली. तिसऱ्या दिवशी मी भाकरी-पिठलं घेऊन गेले आणि मला राहवलं नाही. म्हटलं, "सिस्टर, तुमच्या देवानं अकरा वर्षांत एक शब्द दिला, तोही मले. काय न्याय आहे हा?"

त्या भाकरी मोडत म्हणाल्या, "मग सांभाळून ठेव. माझ्याजवळ असता तर मी रडून रडून झिजवला असता."

पुढे ग्रेसचं ऑफिस नव्या रायपुरात गेलं, तिला तिकडे क्वार्टर मिळालं, आणि सिस्टरही गेल्या. दूधवाला माझ्यापाशी येऊन रडला. वेळेवर यायची सवय लागली होती म्हणाला.

त्यांचं शेवटचं दिसणं नव्या रायपुरातलं. मी भेटायला गेले होते. तिकडचे रस्ते एवढे रुंद की पलीकडच्या माणसाला हाक मारायची तर सामुएलभाऊच पाहिजेत, आणि बस येईल तेव्हा येईल. सिस्टर मला सोडायला थांब्यावर आल्या. काठी टेकत, पदराला घड्याळ. दर भेटीत त्यांचं एक मागणं असायचं, आणि आज अजून निघालं नव्हतं. मला वाटलं विसरल्या असतील, वय झालं.

बस पस्तीस मिनिटं उशिरा आली. सिस्टर काठी उचलून ड्रायव्हरच्या खिडकीशी. "ये क्या है? कितने बजे हैं?"

"अम्मा, बैठना है कि नहीं?"

मी चढले, खिडकीपाशी जागा मिळाली. बस हलली तशी खालून हाक आली.

"कुसुम! सांग ना व! कसं म्हणाले होते?"

बसमध्ये सगळे मंत्रालयातले बाबू, गळ्यात ओळखपत्रं. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि या वयात, होता नव्हता तेवढा गळा लावून ओरडले,

"फिक्का!"

'क' आपटला. बाबू दचकले. ड्रायव्हर आरशातून म्हणाला, "क्या हुआ, अम्मा?"

मागे त्या रुंद, रिकाम्या रस्त्याच्या कडेला सिस्टर उभ्या होत्या. डोळे मिटून, मान जरा कलती करून, नाडी पाहताना करायच्या तशी. मग डोळे उघडले, हात वर केला आणि काहीतरी म्हणाल्या. बस लांब आली होती, ऐकू आलं नाही. पण त्यांचे ओठ मी पाहिले.

"झालं."